मुलांची लहान झालेली जाकिटं, स्वेटर, स्नो-बूट ऑनलाइन विकायचे आहेत (ठाणे)

मानपाडा_ठाणे:
नमस्कार मंडळी. मोठ्याचे लहान झालेले आणि धाकटीलाही आता न होणारे गरम कपडे आणि बूट विकायचे आहेत. एक जाड पॅडिंगचं जाकीट (लेबलवर ८ वर्षं), दोन फ्लीस, थर्मलचे तीन जोड, हातविणीचे दोन लोकरी स्वेटर, एक स्नो-बूट (साईज १, आतून फर) आणि एक घोट्यापर्यंतचा रेक्झिनचा बूट. काश्मीरच्या सहलीसाठी घेतलेले, त्यामुळे वापर जेमतेम दहा-बारा दिवसांचा. त्यानंतर तीन पावसाळे बेडच्या बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून ठेवलेत. कुठे टाकावेत, किंमत काय लावावी, कुरिअर परवडतं का? आणि वापरलेले बूट कुणी घेतं का?

नेरूळ_पूर्व:
ताई, आधी बूट बघा, कपड्यांचं नंतर. "फक्त दहा दिवस वापरलेत" ही गोष्ट बुटांच्या बाबतीत आपल्याकडे फारशी कामाची नाही. आपल्या हवेत बूट झिजून जात नाहीत, ठेवून ठेवून जातात.

पुष्कळ बुटांचे सोल पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे असतात. हवेतली ओल या सोलमध्ये मुरते आणि आतल्या आत त्याचे बंध तोडत राहते. वरून सोल नवा दिसतो, आणि घेणाऱ्याचं पोर गुलमर्गला चार पावलं चाललं की केकसारखे तुकडे पडतात. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत तर पावसाळ्यातली ओल अडकूनच राहते. सोलच्या तळाला किंवा कडेला बऱ्याचदा बारीक अक्षरात पीयू, ईव्हीए (हलका फोम) किंवा टीपीआर (रबरासारखं प्लॅस्टिक) असं उठवलेलं असतं. ईव्हीए आणि टीपीआर ओलीने असे भुगा होत नाहीत. पीयू असेल तर परीक्षा घेतल्याशिवाय विकू नका.

परीक्षा सोपी आहे. बूट दोन्ही हातांत धरून चवड्याजवळ काटकोनात वाकवा, पाच-सहा वेळा. मग टाचेच्या कडेत अंगठ्याचं नख रोवा. वाकवताना बारीक भेगा उघडल्या, खडूसारखी भुकटी हाताला लागली किंवा सोल चिकट लागला, तर तो बूट संपला. त्याला कुठलाही गोंद धरत नाही, कारण ज्या थराला चिकटवायचं तोच ठिसूळ झालेला असतो. नवा सोल बसवायचा खर्च लहान मुलाच्या जुन्या बुटाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. असा बूट विकूही नका आणि कुणाला फुकटही देऊ नका, बर्फात तळ सुटलेला बूट म्हणजे पोराचे पाय भिजणार.

सोल शाबूत आहे पण कडेला नुसता उकललाय, असं असेल तर ते दुरुस्त होतं. दोन्ही बाजू सँडपेपरने घासून कोरड्या करा, फेव्हिबाँडचा पातळ हात दोन्हीकडे द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाला ओला न लागता नुसता चिकट लागला की दाबून जोडा आणि सुतळीने घट्ट बांधून २४ तास ठेवा. ओला असतानाच जोडला की हमखास सुटतो.

वापरलेले बूट घेतात का? स्नो-बूट आणि गमबूट घेतात, कारण ते आठवडाभरच घालायचे असतात. रोजचे शाळेचे किंवा खेळाचे बूट मात्र विकू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा इनसोल आधीच्या मुलाच्या पायाप्रमाणे दबलेला असतो आणि टाच एका बाजूला झिजलेली असते. टेबलावर ठेवून मागून बघा, बूट कलता दिसला तर तो दुसऱ्या मुलाच्या पायात नको.

घोडबंदर_रोड:
वरचा सल्ला पूर्ण पटला. मी कपड्यांबद्दल लिहितो.

डांबरगोळ्यांचा वास नुसत्या धुण्याने जात नाही, हवेत ठेवूनच उडवावा लागतो. कपडे उलटे करून, सावलीत वारा येईल अशा जागी चार-पाच दिवस टांगा. जाकिटाच्या चेन आणि खिसे उघडे ठेवा. पाऊस उघडल्यावरचं ऑक्टोबरचं ऊन यासाठी उत्तम, फक्त रंग विटू नये म्हणून बाहेरची बाजू उन्हाकडे नको. त्यानंतरच धुवा.

तान्ह्या बाळाचे कपडे असतील तर एक गोष्ट कृपया मनावर घ्या. ज्या बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. घेणाऱ्याला आपल्या बाळाची ही तपासणी झालीय की नाही हे बऱ्याचदा माहीत नसतं. म्हणून एक वर्षाच्या आतल्या साईजचं काही डांबरगोळ्यांत ठेवलेलं असेल तर ते विक्रीतून काढून टाका.

धुण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी. फ्लीस उलटं करून थंड पाण्यात धुवायचं, सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने लव चिकटते. पॅडिंगच्या जाकिटाला नेहमीच्या निम्मं लिक्विड, मशीन जेंटलवर. वाळवताना आतलं पॅडिंग गोळा होतं. तिथे खरी मेहनत आहे: पंख्याखाली आडवं पसरून दर दोन-तीन तासांनी झटकायचं आणि चौकोनाचौकोनात बोटांनी गोळे फोडायचे. ड्रायर असेल तर आत दोन टेनिस बॉल टाका. गोळा राहिला की तेवढ्या जागी थंडी आत येते, आणि घेणारा हात फिरवून लगेच ओळखतो. लोकरीला रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड. पिळू नका; जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं वाळवा. टांगलं की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. गोळे धरलेत ते लिंट रिमूव्हरने काढा, ब्लेडने नको.

अडणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासा. वेल्क्रोत अडकलेले धागे सुईने किंवा जुन्या टूथब्रशने काढा. स्वच्छ वेल्क्रो नव्यासारखा पकडतो. बुरशीचे काळे ठिपके सुती थर्मलवर असतील तर ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवून बघा, लोकरीला ते चालत नाही. तरी राहिले तर फोटोत दाखवा आणि किंमत कमी करा.

आता साईज. "८ वर्षं" लिहून पाठवलेलं निम्मं परत येतं, कारण एका कंपनीचं आठ म्हणजे दुसरीचं सहा. कपडा आडवा पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्यापासून खालपर्यंत आणि बाहीची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. लेबलवर ११६, १२२, १२८ असे आकडे असतील तर ती मुलाची उंची आहे, तीच शीर्षकात टाका.

बुटाच्या "१"चा घोळ तर नेहमीचा. मुलांचे नंबर १३पर्यंत जातात आणि मग पुन्हा १पासून सुरू होतात. म्हणजे १ नंबर तान्ह्या बाळाचाही असतो आणि सात-आठ वर्षांच्या मुलाचाही. इनसोल बाहेर काढून पट्टीवर मोजा आणि तो आकडा लिहा. घेणाऱ्याला सांगा, मुलाचा पाय भिंतीला टाच टेकवून कागदावर मोजा; इनसोल त्यापेक्षा एक ते दीड सेंटिमीटर मोठा हवा, कारण बर्फात जाड मोजा घालायचा असतो.

ऐरोली_सेक्टर८:
विक्रीचं गणित सांगतो. ठाणे-नवी मुंबईत जाड जाकीट थंडीसाठी कुणी घेत नाही, सहलीसाठी घेतं. म्हणून ते दोनदा खपतं: दिवाळीच्या आधीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये, मे महिन्यात हिमाचल-सिक्कीमला जाणाऱ्यांना. जानेवारीत टाकलं की पडून राहतं. हलके स्वेटर मात्र सकाळच्या शाळेसाठी लागतात, ते नोव्हेंबरअखेर टाका.

आधी सोसायटीच्या आणि शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग फेसबुक मार्केटप्लेस, ओएलएक्स. माझा अंदाज असा: चांगल्या अवस्थेतलं जाकीट आणि स्नो-बूट मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शाला जातात. थर्मल सुटे जात नाहीत, तिन्ही जोड एकत्र द्या. "सहलीचा संच" म्हणून जाकीट, थर्मल, हातमोजे, बूट एकाच मापाच्या मुलासाठी लावलं तर पटकन उचलतात, कारण त्यांना चार ठिकाणी फिरायचं नसतं. हातविणीच्या स्वेटरला ऑनलाइन मेहनतीची किंमत येत नाही. ते ओळखीतल्या मुलाला द्यावेत. बोहारणीला देऊ नका, लोकर उत्तम असेल तर फार हळहळ वाटते.

फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद. समोरून, मागून, लेबल, चेन, कोपरे, सोलचा तळ. डाग असेल तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. मुलाने घातलेला फोटो टाकू नका, आणि कॉलरवरचं नाव किंवा शाळेचं लेबल आधी काढा.

कुरिअरमध्ये वजनाने नाही, आकाराने मार बसतो. खासगी कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५०००ने भागतात. जाकीट ४० × ३० × १५च्या खोक्यात घातलं तर १८०००, म्हणजे ३.६ किलोचा दर, प्रत्यक्ष वजन ७०० ग्रॅम असलं तरी. तेच जाकीट हवा दाबून पिशवीत ३५ × २५ × ८ केलं की १.४ किलो. दाबलेलं जाकीट दोन-चार दिवसांत पोचेल असंच पाठवा, महिनाभर दाबून ठेवू नका. बूट खोक्याशिवाय, एकात एक उलटे ठेवून.

जवळचा घेणारा असेल तर स्टेशनवर द्या. ट्रान्स-हार्बरवर ठाणे, ऐरोली, वाशी कुठेही जमतं. बाहेर, तिकीट खिडकीजवळ भेटा.

पैशांबद्दल: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" असं म्हणणारा चोर आहे, मग तो स्वतःला फौजी म्हणवो की आणखी कुणी. स्क्रीनशॉटवर विश्वास नाही, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच वस्तू हातातून सोडा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३०वर फोन करा.

मानपाडा_ठाणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. रेक्झिनचा बूट वाकवला आणि तिसऱ्यांदा वाकवताना चवड्याखाली आडवी भेग उघडली, हाताला पिवळट भुकटी लागली. तो बाजूला काढला. स्नो-बुटावर टीपीआर लिहिलंय, इनसोल २१ सेंमी भरला. फक्त आतल्या फरला कुबट वास आहे.

नेरूळ_पूर्व:
आतला फरचा बूट वेगळा निघतो का बघा, बहुतेक स्नो-बुटांचा निघतो. निघाला तर कोमट पाण्यात हाताने धुवा, टॉवेलमध्ये दाबा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा. बोळे दर काही तासांनी बदला. निघत नसेल तर भिजवू नका, चवड्यातली ओल आठवडाभर जात नाही. खायचा सोडा आत शिंपडून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. विकेपर्यंत प्लॅस्टिकमध्ये परत घालू नका, कापडी पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. जाहिरातीत "इनसोल २१ सेंमी, पाय साडेएकोणीस ते वीस सेंमीपर्यंत" असं लिहा.