मदत हवी आहे: स्प्रूसच्या पल्पचा कप्पा नंबर 60 च्या खाली येईना

उत्तरवारा:
स्वीडनमध्ये मास्टर्सचा प्रबंध चालू आहे. आधी स्प्रूस (सूचिपर्णी झाड) लाकडाच्या चिप्सचं गरम पाण्यात प्रीहायड्रॉलिसिस, मग क्राफ्ट कुकिंग (अल्कली आणि सल्फाइडच्या द्रावणात शिजवणं). पाण्यात उतरलेली साखर आंबवायची, पल्प विस्कोससाठी (कापडाचा धागा), ब्लॅक लिकरमधून (कुकिंगनंतर उरलेलं काळं द्रावण) लिग्निन (लाकडाचे तंतू जोडून ठेवणारा पदार्थ) वेगळं काढायचं. पण कप्पा (पल्पमध्ये उरलेल्या लिग्निनचं माप) 60 वर अडकलाय आणि चाळणीवर न शिजलेल्या काड्या राहतात. गाइडना 30 च्या आत हवाय. अल्कली वाढवून पाहिली, फरक पडत नाही. पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, कुणी पल्पमधलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

डायजेस्टरवाला:
वाढवली म्हणजे किती? मूळ लाकडाच्या कोरड्या वजनावर, की प्रीहायड्रॉलिसिसनंतर उरलेल्या वजनावर? सल्फिडिटी (अल्कलीतला सल्फाइडचा वाटा)? वेळ, तापमान? चिप्सची जाडी? यातलं काहीच नाही, मग सांगायचं कशावरून?

बांबूप्रेमी_चंद्रपूर:
स्प्रूसच्या मागे कशाला लागता? आमच्याकडची बल्लारपूरची गिरणी बांबूवर उभी राहिली. बांबू घ्या, दरवर्षी नवे कोंब येतात.

उत्तरवारा:
दादा, प्रकल्पच स्प्रूसचा आहे. इफेक्टिव्ह अल्कली मूळ लाकडावर 20 टक्के, सल्फिडिटी 35, 170 अंशाला दीड तास. चिप्स सॉमिलमधून आल्या तशाच.

डायजेस्टरवाला:
मग काड्या राहणारच. 8 मिमीपेक्षा जाड चिप्स आणि गाठी काढून टाका, जाड चिपच्या मध्यापर्यंत लिकर पोचत नाही. 170 ला एक तास म्हणजे एच-फॅक्टर (वेळ आणि तापमान मिळून कुकिंगचं माप) सुमारे 920, तुमचा 1400 च्या आसपास झाला. एवढ्यावर कप्पा 60 राहायला नको. प्रीहायड्रॉलिसिस किती वेळ करता ते अजून सांगितलं नाहीत.

सल्फाइट_समर्थक:
क्राफ्टचा हट्ट सोडा. तुमच्या स्वीडनमध्येच डोमशोची गिरणी सल्फाइट पद्धतीने (सल्फर डायऑक्साइडच्या द्रावणात शिजवून) विस्कोसचा पल्प, लिग्नोसल्फोनेट (पाण्यात विरघळणारं लिग्निन) आणि इथेनॉल करते. आदित्य बिर्ला समूहाने ती 2011 मध्ये घेतली. नॉर्वेत सार्प्सबोर्गला बोरेगार्ड स्प्रूसच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन काढतं. बायोरिफायनरी म्हणायची ती हीच.

डायजेस्टरवाला:
आठवड्यात सल्फर डायऑक्साइडची व्यवस्था कोण लावून देणार? आणि पाइनच्या गाभ्यातलं पिनोसिल्व्हिन हे रसायन आम्लयुक्त सल्फाइट कुकिंगमध्ये लिग्निनला चिकटून बसतं, कुकिंग अडतं. क्राफ्टला सगळी लाकडं चालतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जेसपला पाइनवर प्रीहायड्रॉलिसिस-क्राफ्टच चालतं.

सल्फाइट_समर्थक:
त्यांच्याकडे स्प्रूस आहे. पाइन मध्येच कुठून आणलंत?

हातकागद_पुणे:
कागद मजबूत हवा असेल तर पल्प चांगला कुटून घ्या, तंतूंना लव सुटली की पकड येते.

उत्तरवारा:
कागद करायचाच नाहीये, पल्प विरघळवायचा आहे. प्रीहायड्रॉलिसिस 170 ला दोन तास, साखर जास्त मिळावी म्हणून. पाणी निथळून घेतो, चिप्स न धुता लगेच व्हाइट लिकर (कुकिंगचं ताजं अल्कली द्रावण) भरतो.

अनघा_लॅब:
दुखणं त्या दोन तासांत आहे. पाण्यात ॲसिटिक आम्ल सुटतं, पीएच उतरतो आणि स्प्रूसचं लिग्निन आपसात नवे कार्बन-कार्बन बंध बांधतं. ते बंध क्राफ्टमध्ये तुटत नाहीत, अल्कली कितीही ओता. साखरही वाया जाते: मॅनोज या साखरेचं हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल बनतं, ते यीस्टला जाचतं. वेळ निम्म्यावर आणा. लॅबमध्ये असेल तर एक कुक 2-नॅफ्थॉल घालून करा, लिग्निनच्या आधी तेच बंध जुळायच्या जागा अडवतं. चिपच्या आत राहिलेलं आम्ल अल्कली खातं ते वेगळंच, म्हणून गरम पाण्याने धुवा. शेवटी ब्लॅक लिकरचा पीएच 12 च्या खाली गेला तर सुटलेलं लिग्निन परत तंतूंवर बसतं.

उत्तरवारा:
आज रात्रीच लावतो. लिग्निनसाठी ब्लॅक लिकरमध्ये सरळ सल्फ्युरिक ओतलं तर चालेल ना?

डायजेस्टरवाला:
अजिबात नाही! त्यात सल्फाइड आहे, आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जीव जातो त्याने, आणि प्रमाण वाढलं की नाकाला वाससुद्धा कळत नाही. फ्यूम हूड, गॅस डिटेक्टर आणि सोबत दुसरं माणूस, याशिवाय हात लावू नका. आधी कार्बन डायऑक्साइडने पीएच 10 पर्यंत आणा, गाळा, मग आम्लाने धुवा, तेही हूडमध्येच. रात्री एकटे तर करूच नका.

नाशिककर_99:
त्या कोर्सला प्रवेश कसा मिळाला? शिष्यवृत्ती आहे का?

अनघा_लॅब:
प्रवेशासाठी वेगळा धागा काढा ना, हा भरकटतोय. उत्तरवारा, कुक उद्या दिवसा लावा. कप्प्यासोबत शिल्लक अल्कली आणि ब्लॅक लिकरचा पीएचही टाका, नाहीतर पुन्हा अंदाजच बांधत बसू.