आजीच्या गोधडीचा वरचा थर नव्याने वापरायचाय, आत्यासाठी, जमेल का?

साताऱ्याची_लेक
नमस्कार, माळ्यावरच्या ट्रंकेत आजीची गोधडी सापडली. मागची बाजू पार फाटलीय, आतल्या जुनेरांच्या नुसत्या चिंध्या झाल्यात पण वरची ठिगळांची बाजू अजून बघत बसावी अशी आहे, इरकलीचे काठ, आजोबांच्या सदऱ्याच्या पट्ट्या, चंद्रकळेचे काळे चौकोन आणि मधेच एक पोपटी तुकडा जो कशाचा ते कुणालाच सांगता येत नाही. दिवाळीनंतर आत्याला ७५ पूर्ण होतायत, तर वरचा थर उसवून नवी गोधडी करून द्यावी असं मनात आहे. प्रॉब्लेम असा की काळे चौकोन हात लावला तरी भुगा होतायत, बाकीचं ठीक. चांगले तुकडे कापून घेऊ की आहे तसंच ठेवू? आणि धुवायचं कसं, डांबरगोळ्यांचा वास जाता जात नाहीये. मला शिवण जेमतेम येते हे आधीच सांगते.

धावदोरा
कापू नका हो! आधी सगळ्याचा नीट फोटो काढून ठेवा. उसवताना मागच्या बाजूने दर चार-पाच टाक्यांनंतर दोरा कापत जा, मग तुकडे पुढून अलगद ओढून काढा, लांब दोरा एकदम खेचलात तर जुनं सूत टर्रकन फाटतं. मी एकदा घाई केली आणि सासूबाईंच्या पातळाचा पदरच गेला, अजून ऐकतेय.
काळ्याचं म्हणाल तर जुन्या काळ्या रंगात बऱ्याचदा लोखंडाचा क्षार असायचा, त्याने सूत आतून कुजतं, त्यामुळे दोष तुमच्या हाताचा नाही. ते चौकोन काढू नका, मागून जुन्या धोतराचा किंवा मलमलचा तुकडा लावा आणि चौकोनाच्या बाहेर, शेजारच्या धडक्या कापडात टाके घ्या. वरून काळी पातळ जाळी टाकली तर भुगा आतच राहतो.
धुण्याआधी ओला पांढरा रुमाल प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून बघा. लाल लागला तर धुवायच्या भानगडीत पडूच नका, चार दिवस सावलीत वाऱ्यावर टाका, वासही कमी होईल. रंग पक्का निघाला तर टबात गार पाणी, आणि उचलताना खाली जुनी चादर घालून चादरीसकट उचला. ओल्या कापडाला स्वतःचंच वजन पेलवत नाही. पिळायचं तर अजिबातच नाही.

कोल्हापुरी_वाकळ
वरच्या ताईंचं सगळं पटलं. माझी भर फक्त आतल्या थराची, तिथे दोन मऊ सुती साड्या घाला, पॉलिस्टर नको, ते आत सरकतं आणि चुण्या पडतात. अस्तराचं नवं कापड दोनदा धुऊन घ्या नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटणार आणि वरचं जुनं कापड फुगून बसणार.
आमच्या आईकडे वाकळ कडेने सुरू करून फेऱ्या घेत आत यायच्या, चारी बाजूंना पाटे ठेवून बायका वरच बसायच्या शिवायला.

धावदोरा
@कोल्हापुरी_वाकळ नव्या कापडाला कडेने बरोबर आहे पण हे विरलेलं आहे, आधी मधून बाहेर कच्चे टाके घालून घ्या, म्हणजे चुण्या कडेला निघून जातील. मग फेऱ्या कुठूनही घ्या.

नुसतंच_बघतो
पुरुष आहे, शिवणातलं कळत नाही, पण आईला अशीच मोठी गोधडी करून दिली होती बहिणीने. सुंदर होती. आईला ती उचलवेना, धुणं तर लांबच, शेवटी कपाटात गेली. ७५ वर्षांच्या माणसाला मांडीवर घेता येईल एवढीच करा, ४ बाय ३ फूट वगैरे.

साताऱ्याची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. रुमाल दाबून बघितला, काठांचा लाल लागतोच, म्हणजे धुणं कॅन्सल, गॅलरीत सावलीत टाकलीय आणि शेजारच्या काकू येता-जाता विचारतायत काय पापड घातलेत का. साइजचं मात्र अवघड झालं कारण न कापता ४ बाय ३ होणार कशी, तर मधला भाग अखंड ठेवून कडेच्या दोन ओळी शिवणीवर उसवून काढतेय, कात्री नाही लावणार, त्या ओळींची उशीची खोळ होईल.
सरप्राइज काही राहिलं नाही, पोपटी तुकडा कशाचा म्हणून मी फोनवर आत्यालाच विचारून बसले. तिसरीतला परकर निघाला तिचा, चिंचेच्या झाडावर फाटला होता. आता रोज फोन येतोय, काल म्हणाली तो पोपटी पायाकडे लावू नकोस गं, तोंडाकडे घे.