निम्म्यावर आलेला टेक शेअर ठेवावा की विकावा? जाणकारांचा सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

एका टेक कंपनीचे शेअर माझ्याकडे बऱ्याच काळापासून आहेत. उच्चांकावरून भाव आता निम्म्यावर आलाय, म्हणजे पुन्हा तिथे पोचायला तो दुप्पट व्हावा लागेल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की चर्चा तिच्या चाहत्यांत आणि विरोधकांत अडकते.

टीका दोन प्रकारची चालू आहे. लोकांची खासगी माहिती कंपनी नीट सांभाळत नाही, ही एक. आणि नव्या तंत्रज्ञानावर पाण्यासारखा पैसा ओततेय, त्यातून कमाई कधी होणार ते सांगत नाही, ही दुसरी. पहिलीचा गाजावाजा जास्त आहे, पण मला दुसरीची काळजी वाटते.

कारण फेसबुकचं २०१८ साल आठवून बघा. मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण (फेसबुकवरच्या कोट्यवधी लोकांची खासगी माहिती त्यांना न विचारता राजकीय प्रचारासाठी वापरल्याचं) बाहेर आलं, जगभरातून झोड उठली, शेअर पडला. तरी जुलैमध्ये त्याने नवा उच्चांक गाठला. मग तिमाही निकालाच्या वेळी खुद्द कंपनीनेच सांगितलं की पुढे वाढ मंदावेल, आणि दुसऱ्या दिवशी भाव सुमारे १९ टक्के कोसळला. उलट इंटरनेटच्या जाळ्याची उपकरणं बनवणारी सिस्को घ्या. २००० साली तिचं सगळीकडे कौतुकच चाललं होतं, शेअरचा भाव नफ्याच्या १०० पटींहून वर होता. धंदा पुढेही वाढला, पण तो भाव पुन्हा दिसायला २० वर्षांहून जास्त काळ गेला. म्हणून टीका होतेय एवढ्यावरून विकणं मला पटत नाही. आणि ‘चांगली कंपनी आहे, धरून ठेव’ हेही पटत नाही.

आता माझी खरी अडचण. मागच्या निकालात विक्री वाढली, नफाही वाढला. पण ताळेबंदात ग्राहकांकडून येणं असलेली रक्कम विक्रीपेक्षा कितीतरी वेगाने फुगलीय, आणि व्यवसायातून हाती आलेली रोकड नफ्याच्या मागे पडलीय. तिमाहीच्या शेवटच्या दिवसांत मोठी बिलं निघाली असतील तर ठीक, पुढच्या तिमाहीत पैसे येतील. पण विक्री दाखवण्यासाठी उधारीची मुदत वाढवून दिली असेल तर प्रकरण वेगळं. शिवाय कर्मचाऱ्यांना शेअर वाटल्यामुळे एकूण शेअरची संख्या दरवर्षी वाढतेय, म्हणजे नफ्यातला माझा वाटा तेवढा पातळ होतोय. यावर कुणीच टीका करताना दिसत नाही!

माझ्या एकूण गुंतवणुकीत या शेअरचा वाटा पाव हिस्स्याच्या आसपास आहे. पैसे लगेच लागणार नाहीत, कर्जही काढलेलं नाही. माझी खरेदी किंमत लिहीत नाही, तिचा कंपनीच्या भवितव्याशी काही संबंध नाही. आज हातात रोकड असती तर हा शेअर घेतला असता का? घेतला असता, पण एवढा नाही. त्यामुळे निम्मे विकून बाकीचे ठेवावेत असं वाटतंय.

कृपया ‘ॲव्हरेज करा’ (म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेऊन सरासरी किंमत खाली आणा) एवढंच लिहू नका. ज्यांनी असे ताळेबंद वाचलेत त्यांनी सांगावं: येणं का फुगलंय हे वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये नेमकं कुठे शोधायचं? आणि पुढच्या निकालाची वाट बघावी, की पाव हिस्सा एकाच शेअरमध्ये आहे म्हणून त्याआधीच काही विकून मोकळं व्हावं?