मदत हवी आहे: जुनी टर्बो हॅचबॅक घेण्यापूर्वी ट्यूनिंगचा (इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी केलेल्या बदलांचा) माग कसा काढावा?

डायरेक्ट इंजेक्शनचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स असलेली एक जुनी परफॉर्मन्स हॅचबॅक मी पाहिली असून व्यवहार अद्याप ठरलेला नाही. सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत, रंगाची जाडी मीटरने सगळीकडे जवळपास सारखी भरली आणि इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहिले तेव्हा निळा धूर किंवा टायमिंग चेनचा खडखडाट आढळला नाही. चारही टायर एकाच कंपनीचे व सारखे झिजलेले आहेत, ही बाब मला नोंदींइतकीच बोलकी वाटते.

शंका एकाच गोष्टीची आहे. गाडी मूळ स्थितीत असल्याचे विक्रेता सांगतो. परंतु इनटेक पाइपच्या क्लॅम्पवर पान्याचे ताजे ओरखडे आहेत आणि चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वेग न वाढता आरपीएम क्षणभर चढतो. हा क्लच घसरण्याचा प्रकार साध्या झिजेमुळेही होऊ शकतो, किंवा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलून, वाढवलेल्या टॉर्कमुळेही (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरामुळेही). ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणाऱ्या उपकरणावर) एकही फॉल्ट कोड नाही, मात्र कोड पुसता येत असल्याने त्यावर माझा फारसा भरवसा नाही.

विक्रेता गाडी वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घेऊ देण्यास तयार आहे. प्लग काढून कॉम्प्रेशन व लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधील दाब आणि हवेची गळती मोजणारी) करता येईल, पण टर्बो किंवा गिअरबॉक्स उतरवता येणार नाही. या मर्यादेत, मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरलेले असले तरी पूर्वीचा रीमॅप उघड करणारी खूण नेमकी कोणती, आणि ती ईसीयूच्या फ्लॅश काउंटरमध्ये (सॉफ्टवेअर किती वेळा भरले याच्या मोजणीत) शोधावी की आणखी कुठे?