वेग जुळतो, पण दाब जुळत नाही: काडतुसाच्या अंतर्गत बॅलिस्टिक्सचे प्रारूप

धंतोलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपूरला यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. काडतुसातील दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या सुमारे एक मिलिसेकंदाचे गणिती प्रारूप मी पायथनमध्ये लिहीत आहे. माझ्याजवळ ना बंदूक आहे ना दारू. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो; तेथे तो .३०८ विंचेस्टरची काडतुसे स्वतः भरतो आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या उपकरणावर) मोजलेले वेग मला पाठवतो.

वायूसाठी मी नोबल-एबल समीकरण (दाट वायूचे दाब-आकारमान समीकरण) घेतले आहे, ज्वलनासाठी व्हिएयचा नियम (दाबाप्रमाणे जळण्याचा वेग) आणि दारूच्या दाण्याच्या आकारासाठी नेहमीचे आकार-फलन. १०.९ ग्रॅमची गोळी २४ इंची नळीतून सेकंदाला ८०० मीटर वेगाने बाहेर पडते, आणि हा आकडा मिळेपर्यंत मी ज्वलनाचा गुणांक कमी-जास्त केला. वेग अगदी बरोबर आला. मात्र भावाने तोच भार ‘गॉर्डन्स रीलोडिंग टूल’ या दाब-वेग गणणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅममध्ये घातला तेव्हा कमाल दाब ३,६०० बार निघाला आणि माझ्या प्रारूपात तो ३,०५० बारच येतो. युरोपातील सीआयपी या काडतुसांची मानके ठरवणाऱ्या संस्थेची या काडतुसासाठीची मर्यादा ४,१५० बार असल्याने दोन्ही आकडे तिच्या आतच आहेत, पण वेग एकच असताना दाबात एवढी तफावत का पडावी? चूक माझ्या कोडमध्ये आहे का?

जुना भंडारेकर

तुमच्या कोडमध्ये चूक असेलच असे नाही. चूक जुळवण्याच्या पद्धतीत आहे. माझी नोकरी प्रोपेलंटच्या (गोळी ढकलणाऱ्या दारूच्या) तपासणीत गेली आणि नवीन मुलांकडून हीच गफलत होताना मी अनेकदा पाहिली आहे.

गोळीची गतिज ऊर्जा काढा. ती सुमारे ३,४९० जूल येते. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ ४७.५ चौरस मिलिमीटर आणि गोळीचा प्रवास ५६० मिलिमीटर धरला, तर गोळीमागचा सरासरी दाब जेमतेम १,३०० बार निघतो. घर्षण आणि गोळीमागे धावणाऱ्या वायूचे वस्तुमान (लाग्रांजच्या गृहीतकानुसार भाराचा एक तृतीयांश) धरले तर तो थोडा वाढेल. वेग हा दाबाच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाशी बांधलेला आहे, शिखराशी नाही. उंच आणि अरुंद शिखराचे क्षेत्रफळ ठेंगण्या, पसरट शिखराइतकेच असू शकते. एका मोजमापावरून तुम्ही एक गुणांक जुळवलात, त्यामुळे प्रारूपातील बाकीच्या सगळ्या त्रुटी त्या गुणांकाने मुकाट्याने पोटात घातल्या.

आता तीन गोष्टी तपासा. भिंतीतून जाणारी उष्णता तुम्ही वजा केली आहे का? ती सोडली असेल, तर तुमचा वायू नळीच्या पुढच्या भागात वाजवीपेक्षा गरम राहतो, गोळीला शेवटपर्यंत ढकलत राहतो आणि तोच वेग कमी शिखरावर मिळतो. दुसरे, गोळी पहिल्या क्षणापासून मोकळी आहे का? खरी गोळी नळीच्या आट्यांमध्ये (आतल्या पेचदार खाचांमध्ये) घुसेपर्यंत अडते, आणि क्विकलोड या अशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये साध्या जॅकेटच्या गोळीसाठी हा आरंभीचा दाब सुमारे २५० बार धरतात. तो शून्य ठेवला की दारू नीट पेटण्याआधीच गोळीमागची जागा वाढते. तिसरी बाब आकारमानाची. वापरलेल्या केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या कवचात) काठोकाठ पाणी भरून जे ५६ ग्रेन, म्हणजे सुमारे ३.६ घन सेंटिमीटर, येतात, त्यांतून केसमध्ये बसलेल्या गोळीच्या बुडाचा भाग वजा करावाच लागतो. या तिन्ही गोष्टी राहून गेल्या तर चूक एकाच दिशेने, म्हणजे दाब कमी दाखवण्याकडे, झुकते.

रायफलवाला नागपूर

मी बावीस बोअरचा नेमबाज आहे. आमच्या काडतुसाचा प्रायमर (दारू पेटवणारा मसाला) केसच्या कडेत असल्यामुळे ते पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही दोन गोष्टी लिहितो. पहिली वाचकांसाठी: आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा हा धागा वाचून कोणी घरी प्रयोग करू नयेत. दुसरी प्रश्नकर्त्यासाठी: भावाला मोजमापाच्या दिवशीचे तापमान विचारा. सीआयपीच्या चाचण्या २१ अंशांना होतात. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तीच दारू अधिक वेगाने जळते आणि दाबाचा आकडा बदलतो.

एक शंकाही आहे. गॉर्डन्स टूल इतके लोक वापरतात, मग सरळ त्याचाच आकडा खरा का मानू नये?

जुना भंडारेकर

कारण तो आकडाही मोजलेला नसून गणलेलाच आहे. या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक दारूची ‘व्हिव्हॅसिटी’, म्हणजे ती किती झपाट्याने जळते याचा आकडा, दिलेली असते, पण दारूचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो. वापरणारे क्रोनोग्राफवरच्या वेगाशी जुळवण्यासाठी तोच आकडा खालीवर करतात, म्हणजे धंतोलीकरांनी जे केले तेच. फरक एवढाच की तेथे उष्णतेचा क्षय आणि आरंभीचा दाब आधीच धरलेला असतो, म्हणून शिखर वास्तवाच्या जवळ येण्याची शक्यता जास्त. खरा दाब पाहायचा असेल तर चेंबरवर (नळीत काडतूस बसते त्या भागावर) पिझो संवेदक, म्हणजे दाबाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण, लागतो.

आमच्याकडे दारूचे गुणधर्म नळीत जुळवत नसत. ते बंद पात्रात, ज्याला आम्ही सी.व्ही. म्हणत असू, स्वतंत्रपणे काढत. दोन वेगळ्या भरण घनतांना (पात्राच्या आकारमानामागे दारूचे वजन) दारू जाळायची आणि दोन्ही कमाल दाब नोंदवायचे. कमाल दाब भागिले घनता हे गुणोत्तर कमाल दाबासमोर मांडले की सरळ रेषा मिळते. तिचा छेद म्हणजे दारूचे बल (ग्रॅममागची ऊर्जा) आणि उतार म्हणजे सहआकारमान (वायूच्या रेणूंनी स्वतः अडवलेली जागा). उदाहरणार्थ, बल ग्रॅमला १,००० जूल, सहआकारमान ग्रॅमला १ घन सेंटिमीटर आणि घनता घन सेंटिमीटरला ०.२ ग्रॅम धरली तर दाब २,५०० बार येतो. हे गणित तुमच्या कोडने गोळी न हलवता करून दाखवले पाहिजे. ते चुकले तर पुढे जाऊच नका.

धंतोलीकर

काका, मनापासून आभार. बंद पात्राचे गणित बरोबर आले, २,५०० बारच. उष्णता मी खरोखरच सोडली होती आणि आरंभीचा दाब शून्य होता. आकारमान मात्र बरोबर होते. दोन्ही दुरुस्त्या केल्यावर वेग सेकंदाला ७६१ मीटरवर उतरला. गुणांक पुन्हा जुळवला तेव्हा शिखर ३,४७० बारवर गेले. भावाने सांगितले की त्याच्याकडे त्या सकाळी ४ अंश तापमान होते, आणि प्रोग्रॅममध्ये मात्र त्याने २१ अंशच ठेवले होते.

प्रबंधात आता मी एक आकडा न देता आरंभीचा दाब १५० ते ३५० बार बदलून येणारा पट्टा देणार आहे. तो पुरेसा होईल का?

जुना भंडारेकर

उष्णतेच्या क्षयाचा गुणांकही त्याच वेळी बदला. एकटा आरंभीचा दाब बदलला तर पट्टा फसवा अरुंद दिसेल. आणि भावाकडून नळीची लांबी कापत नेलेल्या एखाद्या जुन्या रायफलचे वेग मिळाले तर जरूर मागा. तीन-चार लांबींना वेग माहीत असले, तर आलेखाच्या आकारालाही बंधन पडते.