मँचेस्टरच्या मधमाश्या: साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन एका दिवसात किती होतील?

लीड्सवाली_आई (ऑगस्ट २०१८)

मँचेस्टरला 'बी इन द सिटी' चालू आहे, २३ सप्टेंबरपर्यंत. शहरभर रंगवलेले मधमाश्यांचे पुतळे ठेवलेत, ते शोधत फिरायचं. मोठ्या मधमाश्या १०१ आहेत म्हणे. मुलगी साडेतीन वर्षांची. बग्गी (बाबागाडी) आहे, पण तिला बसायचं नसतं. ट्रेनने सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं आहे. सुरुवात कुठून करू, किती माश्या धरून चालू, शू-शीची सोय कुठे? आणि त्यांचं ॲप घ्यावं की छापील नकाशा पुरेल?

अँकोट्सकर

१०१ चा नाद सोडा. बऱ्याच माश्या मधल्या शहराच्या बाहेर विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्यामागे अख्खा दिवस ट्रॅम-बसमध्येच जाईल. या वयाला बारा ते पंधरा भरपूर झाल्या. आठव्या-नवव्या माशीनंतर 'अजून एक' ऐकलं की पोरं रस्त्यातच बसकण मारतात.

लीड्सच्या काही गाड्या व्हिक्टोरियाला थांबतात, काही पिकॅडिलीला. तिकीट काढताना व्हिक्टोरियाची गाडी बघा. स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथीड्रल गार्डन्स समोरच. तिथून एक्सचेंज स्क्वेअर, सेंट अ‍ॅन्स स्क्वेअर, आल्बर्ट स्क्वेअर आणि शेवटी सेंट पीटर्स स्क्वेअर. सरळ चाललात तर दीड किलोमीटरही भरणार नाही, पण मूल बरोबर असताना अडीच तास धरा. वाट जवळपास सपाट आहे, बग्गीला त्रास नाही. परतीला सेंट पीटर्स स्क्वेअरहून एक्सचेंज स्क्वेअरमार्गे व्हिक्टोरियाला जाणारी ट्रॅम घ्या. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

शू-शी: आर्नडेल सेंटर या मॉलमध्ये डायपर बदलायचीही सोय आहे. पुढे सेंट्रल लायब्ररी, सेंट पीटर्स स्क्वेअरलाच. मुलांचा विभाग तळाशीच आहे, अर्धा तास तिथे आरामात जातो. फक्त रविवारी लायब्ररी बंद असते. त्या दिवशी मोझली स्ट्रीटवरची आर्ट गॅलरी गाठा. ती फुकट आहे आणि मुलांना हात लावून खेळायला खास जागाही आहे.

दोन_पोरांचा_बाबा

रविवारचंच आणखी एक. इंग्लंडात मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, सकाळी लवकर गेलात तर आर्नडेलही बंद मिळेल. शाळांनी रंगवलेल्या छोट्या माश्या (शंभरावर आहेत) इमारतींच्या आत ठेवल्यात, त्याही मग राहून जातात. मुलीला त्याच जास्त आवडतील, कारण त्या तिच्या उंचीच्या आहेत.

ॲप घ्या, पण फोन तिच्या हातात देऊ नका. माशीजवळ लिहिलेला आकडा ॲपमध्ये टाकला की ती 'सापडली' अशी नोंद होते. गंमत खरी, पण नकाशा चालू ठेवला की बॅटरी दुपारपर्यंत संपते, आणि उंच इमारतींमध्ये निळा ठिपका चक्क पलीकडच्या गल्लीत दिसतो. वाट छापील नकाशावर बघा, फोन फक्त आकड्यापुरता काढा, पॉवर बँक ठेवा. नकाशाची घडी घालून आपल्या वाटेचा चौकोन तेवढा वर ठेवा आणि तिला एक जाड स्केचपेन द्या. सापडलेल्या माशीवर फुली तिनेच मारायची.

नकाशावर असलेली माशी जागेवर नसेल तर गोंधळू नका. पंखाला तडा गेला, रंग उडाला की दुरुस्तीला नेतात. निघतानाच मुलीला सांगून ठेवा की एखादी माशी डॉक्टरकडे गेलेली असू शकते, म्हणजे तिथे भोकाड नको.

मधपोळं

वरच्या दोघांनी वाट नीट सांगितली आहे. मी हाताळण्याबद्दल लिहिते.

पुतळे फायबरग्लासचे आहेत, वर रंग आणि त्यावर वॉर्निश. गडद रंगाचा भाग दुपारच्या उन्हात चांगलाच तापतो. आधी स्वतः हात लावून बघा, मग तिला लावू द्या. वर चढवून फोटो तर अजिबात नको. पंख वजन घ्यायला केलेले नाहीत. पुढे या मोठ्या माश्यांचा लिलाव होऊन पैसे लॉर्ड मेयरच्या 'वी लव्ह एमसीआर' (एमसीआर म्हणजे मँचेस्टर) या धर्मादाय संस्थेला जाणार आहेत, म्हणजे मोडतोड झाली की नुकसान शेवटी तिथेच.

फोटोसाठी तिला माशीच्या बाजूला उभं करा, पुढ्यात नको. स्वतः गुडघ्यावर बसा. उभ्याने काढलात तर मुलीचं डोकं आणि फरसबंदी एवढंच येतं.

प्रत्येक माशीपाशी एकच काम द्या, नाहीतर दोन मिनिटांत कंटाळा. एकीचे पाय मोजायचे, दुसरीवर पिवळा कुठे आहे ते शोधायचं. खऱ्या मधमाशीला पंख चार असतात, या पुतळ्याला किती, हे तिलाच मोजू द्या. मधल्या रस्त्यांवरच्या काळ्या खांबांवर सोनेरी माश्या आहेत, त्याही मोजता येतात. १८४२ साली शहराला मानचिन्ह मिळालं, त्यातल्या पृथ्वीच्या गोलावर सात माश्या आहेत. गिरण्यांतल्या कष्टाळू कामगारांची खूण ती, राणीमाशी नव्हे, कामकरी. टाउन हॉलच्या फरशीत जडवलेल्या माश्या मात्र आता बघता येणार नाहीत. दुरुस्तीसाठी इमारत जानेवारीपासून बंद आहे.

आणि हे महत्त्वाचं: ऑगस्टमध्ये इथे गांधीलमाश्यांचा उच्छाद असतो. दिवसभर 'माशी छान, माशी गोड' ऐकलेलं मूल ज्यूसवर बसलेल्या गांधीलमाशीला कौतुकाने हात लावायला जातं. फरक आधीच सांगा: पुतळ्याला हात लावायचा, उडणारीला नाही. गोड पेय झाकणाच्या बाटलीत, डब्यात पराठ्याची गुंडाळी किंवा दशमी. जॅम सँडविच नको.

लीड्सवाली_आई

फारच कामाचं. शनिवार पक्का करते. पिकॅडिली गार्डन्स वाटेत घेऊ का?

अँकोट्सकर

घेतलंत तर शेवटी घ्या. तिथली कारंजी जमिनीतून उडतात आणि चालू असली की पोरं कपड्यांसकट आत शिरतात. बदलायचे कपडे, टॉवेल आणि ओल्या बुटांसाठी एक पिशवी ठेवा. सकाळीच भिजली तर पुढच्या माश्या विसरा.

शिवाय मुलगी अजून शाळेत जात नसेल तर शनिवारचा हट्ट कशाला? सप्टेंबरात शाळा उघडल्या की मधल्या वारी गर्दी निम्म्यावर येते आणि फोटोसाठी रांगही लागत नाही. फक्त सकाळी साडेनऊच्या आधीची ट्रेन टाळा, ती महाग पडते.