‘रिप्लेस’ला मराठीत काय? बदलणे, पालटणे की नवी आवृत्ती चढवणे

नकाशेवाला
विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे सगळ्या भाषांतले विकिपीडिया जिथून चित्रं घेतात तो सामायिक साठा, त्याच्या सूचनांचं मराठी करत बसलोय. ‘रिप्लेस’ दिसलं की मी ‘बदला’ लिहून मोकळा होत होतो. काल सगळं सलग वाचलं तेव्हा घोळ कळला. कामं दोन आहेत. एक, फाइलचं नाव तेच ठेवून आत नवं चित्र घालायचं. दुसरं, लेखातलं चित्र काढून तिथं वेगळ्या नावाची फाइल लावायची. दोन्हीला ‘चित्र बदला’ म्हटलं तर नवखा माणूस हमखास चुकीचं बटण दाबणार.

चुकलं तर काय होतं बघा. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, ३५ जिल्ह्यांचे ३६ झाले. जिल्ह्यांच्या जुन्या नकाशावर कुणी नवा चढवला, तर तो नकाशा जिथे जिथे लावलाय तिथे सगळीकडे नवाच दिसणार, मग तो लेख मराठी विकिपीडियावरचा असो की तमिळ. म्हणजे २०११च्या जनगणनेच्या लेखात तक्ता ३५ जिल्ह्यांचा आणि शेजारी नकाशा ३६चा! अशा वेळी नवा नकाशा नव्या नावानेच द्यायचा असतो. जुन्यावर चढवायचं ते किरकोळ दुरुस्तीसाठी: रंग उजळणं, कडा कापणं, नकाशावरच्या एखाद्या नावातली शुद्धलेखनाची चूक काढणं.

जुनी नस्ती
एक विनंती, ‘पुनर्स्थापित’ तेवढं लिहू नका. हल्ली ॲपांमध्ये सर्रास दिसतं. पुनर्स्थापना म्हणजे जे होतं ते परत जागेवर आणणं, म्हणजे तुमच्या अर्थाच्या नेमकं उलटं. कॉमन्सवर फाइलची जुनी आवृत्ती परत आणता येते ना? तो शब्द तिथे वापरा. ‘प्रतिस्थापित’ला हिंदीचा वास येतो. आपल्या दहावीच्या विज्ञानात ‘प्रतियोजन’ आहे, मिथेनमधल्या हायड्रोजनच्या जागी क्लोरीन येतो ते. अर्थाने चपखल, पण बटणावर ‘प्रतियोजित करा’ वाचून कोण दाबेल?

गिरणगावकर
‘बदली फाइल’ कसं वाटतं? छोटं आहे.

जुनी नस्ती
अहो, गिरणगावकर असून तुम्ही हे म्हणता? गिरणीतला बदली कामगार म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा. कायमवाला परत आला की हा पुन्हा गेटवर. क्रिकेटमधला बदली खेळाडूही तसाच. ‘बदली’मध्ये तात्पुरतेपण आहे, नवी आवृत्ती मात्र राहायलाच येते.

गिरणगावकर
मान्य. वडील आठ वर्षं बदलीत होते, मला सुचायला हवं होतं. मग ‘पालटणे’?

नकाशेवाला
‘पालटणे’ मला आवडतं, पण खांदेपालट आठवा. पालखीचे भोई दमले की ओझं तेच राहतं, खांदा नवा येतो. पहिल्या कामात उलटं आहे: नावाचा खांदा तोच, वरचं ओझं नवं.

अर्धविराम
ओव्हरराइट म्हणजे गिरवणे. संपला विषय.

जुनी नस्ती
नाही संपला. पोर पाटीवर ‘अ’ गिरवतं तेव्हा अक्षर तेच राहतं, फक्त ठसठशीत होतं. आणि चेकवर आकडा गिरवला तर ती खाडाखोड. शिवाय ‘वर लिहिणे’ म्हटलं की खालचं पुसलं गेलं असं वाटतं. इथे पुसलं जात नाही. जुनी आवृत्ती तारीख आणि चढवणाऱ्याच्या नावासकट इतिहासात राहते.

सातबारा डोळ्यांपुढे आणा. जमीन विकली म्हणून तलाठी जुनं नाव खोडून टाकत नाही. फेरफार मंजूर झाला की जुन्या नावाला कंस होतो, नवं नाव चढतं, फेरफाराचा क्रमांक पडतो. गट नंबर तोच. फाइलचं नाव म्हणजे हा गट नंबर. म्हणून ‘चढवणे’ मला पटतं. मराठी विकिपीडियावर ‘संचिका चढवा’ रुळलेलंच आहे, आणि उताऱ्यावर नावही चढतंच. ‘फेरफार’ शब्द मात्र नको, तलाठी कार्यालयाबाहेर त्याचा अर्थ लबाडी होतो.

नकाशेवाला
सातबारा एकदम पटला. तर मग पहिल्या कामाला ‘या फाइलची नवी आवृत्ती चढवा’, दुसऱ्याला ‘लेखात दुसरे चित्र लावा’. ‘रिव्हर्ट’ला ‘जुनी आवृत्ती परत आणा’. ‘बदला’ कुठेच नाही. एक अडचण आपोआप सुटली: जेपीजी फाइलवर एसव्हीजी फाइल चढत नाही, फाइलचा प्रकार तोच लागतो. आधी ‘बदला’ लिहिलं होतं तेव्हा हे का, ते समजावायला तीन वाक्यं लागत होती. आता आवृत्ती म्हटल्यावर एकात भागतं.

‘संचिका’ की ‘फाइल’ यावर वाद नको, मी फाइलच लिहिणार. फाइलचा सरकारी शब्द ‘नस्ती’ तर मुळीच नाही, माफ करा!

गिरणगावकर
आणि नवी चढवल्यावरही लेखात जुनंच चित्र दिसत राहतं, त्याला काय म्हणणार? ‘कॅशे’ कुणाला कळतं?

नकाशेवाला
आमच्या घरी त्याला ‘शिळं चित्र’ म्हणतात. ‘शिळे चित्र दिसत असल्यास पान ताजे करा.’ चालेल?

जुनी नस्ती
चालेल. फक्त ‘ताजेतवाने’ करू नका.